चौकटची सत्ती

३ फेब्रुवारी

चिंगे,

अक्षर ओळखलंस का? नसेल ओळखलं तर पाकीट उलटं करून नाव बघ, आणि फाडायचं असेल तर खुशाल फाड. पण आधी एवढं पान वाच. चाळीस वर्षांनी थोरल्या बहिणीला इतकी सूट द्यायला हरकत नाही.

तुझा पत्ता कुणी दिला ते आधी सांगते, नाहीतर उगाच भलत्यावर संशय घेशील. एक दाढीवाला आहे. आमच्या छापखान्यातल्या चित्रकारावर जाडजूड पुस्तक करतोय. हो, तोच चित्रकार, ज्याच्या अंगाला कायम टर्पेंटाइनचा वास यायचा. जिवंत होता तेव्हा त्याला कुणी चहा विचारला नाही. आता त्याने रंगवलेले पत्ते काचेखाली ठेवतात म्हणे. छापखान्यात आम्ही त्यांना 'बायांचे पत्ते' म्हणायचो. जमवणारे लोक त्यांना पिनअप म्हणतात आणि पांढरे हातमोजे घालून हातात धरतात. मला हसू येतं. ज्या पत्त्यांवर लोकांनी विड्यांची राख झाडली, त्यांना आता हातमोजे!

तर हा दाढीवाला माझ्याकडे आला, कारण बाजारात त्याला कुणीतरी सांगितलं, चौकटची सत्ती बघायची असेल तर त्या बाईकडे जा. मी ती जमवते. का जमवते ते पुढे कधीतरी सांगेन. त्याने सत्ती हातात घेतली, वही उघडली आणि तुझं नाव वाचून दाखवलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. म्हणाला, "ह्या पत्त्यावरची मुलगी सापडली मला. वडिलांनी घराबाहेर काढलं होतं तिला. हयात आहे, लांब बंदराच्या गावी असते. पत्र टाकलं, पण उत्तर नाही." मी तुझी बहीण आहे हे काही मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या शर्टावर चहा सांडला (चुकून नाही), तो मोरीकडे गेला आणि मी वहीतून पत्ता उतरवून घेतला.

तो तुझं नाव छापणार आहे, चिंगे. चित्राखाली, ठळक अक्षरात. २८ मार्चला लेखी माहिती घ्यायला परत येतोय. तुला नको असेल तर कळव. मी ते नाव काढायला लावीन. कसं, ते माझ्यावर सोड.

तुझा फोटो त्या चित्रकाराकडे कसा पोचला असं तू तेव्हा मला विचारलं होतंस. मला तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नाही.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

चिंगे,

उत्तर नाही. नसू दे. पत्र परत आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलं एवढं तरी खरं.

परवा रविवारी जुन्या बाजारात गेले होते. तिथे एकजण मोठ्या पेट्या उघडून बसतो, त्याला सगळे पेटीवाला म्हणतात. लांबून मला बघितलं की ओरडतो, "सत्तीबाई आल्या, कॅट लपवा!" कारण माझी रीत त्यांना पटत नाही. मी पत्त्यांचा अख्खा कॅट घेते, बावन्न पानं आणि वर जोकर. उभ्या उभ्या त्यातली चौकटची सत्ती काढून पर्समध्ये टाकते आणि बाकीची पानं त्याच्याच फळीवर ठेवून चालायला लागते. एक पान कमी झालं की जमवणाऱ्यांच्या लेखी कॅटचा जीव गेला. एकदा एक म्हातारा माझ्या अंगावर धावून आला होता. "अहो, तुम्ही माणूस आहात की कसाई?" मी म्हटलं, कसाई. आणि बसमध्ये बसून रडले.

एकशे तेरा झाल्या. छापखान्याने चार हजार कॅट काढले होते, हे मला माहीत आहे. मी तिथेच होते. चार हजार काही माझ्या हयातीत जमत नाहीत. पण निदान आपल्या गावात तरी कुणाच्या हाती ती लागू नये, असं वाटायचं. सुरुवात त्यातून झाली.

आधी शिवणाच्या मशीनच्या खणात पालथ्या ठेवायचे. मग एकदा सगळ्या उताण्या पलंगावर मांडल्या. भर दुपारी, खिडक्या उघड्या. तुला माहितीये ते चित्र: शिडीवर चढलेली मुलगी, हातात रंगाचा ब्रश, झगा खिळ्यात अडकून वर गेलेला, आणि ती मागे वळून खो खो हसतेय. लोकांना वाटतं ती बघणाऱ्याकडे बघून हसते. तो फोटो तू नोकरीच्या अर्जासाठी काढला होतास. फोटोवाला सारखा "हसू नका" म्हणत होता आणि मी त्याच्या मागे उभी राहून त्याची नक्कल करत होते. तू मला बघून हसलीस. म्हणजे चार हजार ठिकाणी तू माझ्याकडेच बघतेस, चिंगे. एकशे तेरा वेळा माझ्या पलंगावरून. त्या दुपारपासून मी त्या खोलीत झोपत नाही. बाहेर बाकावर झोपते आणि पाठ दुखते म्हणून जगाला सांगते.

तो दिवस आठवतो ना? बाबांच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डाव मांडला होता. बाबा कधी खेळायचे नाहीत. एक भिडू कमी पडला म्हणून बसले. आणि पहिल्याच वाटपात त्यांच्या हातात तू आलीस. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले आणि पत्ता जेवणाच्या टेबलावर आपटला. तू आधी हसलीस! "अगं ताई, बघ, मी!" म्हणालीस. मग पत्ता डोळ्यांजवळ नेलास आणि तुझं हसू गेलं. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, घाबरून बघते आहेस, मी सावरून घ्यावं म्हणून. बाबा म्हणाले, "संध्याकाळच्या आत सामान भर." तू शपथेवर सांगत होतीस की तू कधी त्या छापखान्याची पायरीसुद्धा चढली नाहीस. आणि मी डाळ करपू नये म्हणून स्वयंपाकघरात गेले.

डाळ कसली, गॅस बंद होता.

ताई


६ मार्च

चिंगे,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलंय. आता फाडणार नाही.

फोटो मी नेला होता. डब्यात, पोळ्यांच्या खाली, कागदात गुंडाळून. पहिल्या पत्रात लिहिलं ते धादांत खोटं. चाळीस वर्षं बोलून ते इतकं गुळगुळीत झालंय की हातातून आपोआप उतरलं.

चित्रकाराची कामाची पद्धत अशी होती की अंग एकीचं आणि चेहरा दुसरीचा. चेहऱ्यांसाठी त्याच्याकडे फोटोंचा एक पत्र्याचा डबा होता. अंगासाठी समोर कुणीतरी बसावं लागायचं. माझं काम तुला आठवत असेल, मी छपाईच्या प्लेटवरचे डाग-ओरखडे घालवायचे, त्याला रिटच म्हणायचे. माझं टेबल त्याच्या खोलीला लागून होतं. एकदा त्याची ठरलेली बाई आली नाही. तो वैतागून दारात आला आणि म्हणाला, "तू बस ना शिडीवर, चेहरा काही तुझा घेत नाही." शेवटचं वाक्य तो सहज बोलला. पण मला लागलं. तुझ्याशेजारी उभं राहून मी ते जन्मभर ऐकत आले होते, फक्त इतक्या स्वच्छ शब्दांत कुणी म्हटलं नव्हतं.

मी बसले. तीन दुपारी. मला आवडलं, हेही सांगून टाकते. कुणीतरी इतक्या लक्षपूर्वक आपल्याकडे बघतंय, हे मला नवीन होतं.

मग तो म्हणाला, या चित्राला हसरा चेहरा हवा, आणि डब्यातले सगळे दात काढायला आल्यासारखे बसलेत. तेव्हा मी तुझा फोटो नेला. लपण्यासाठी नेला असं मी स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मला बघायचं होतं. माझ्या अंगावर तुझा चेहरा असता तर मी कशी दिसले असते, ते. चित्र पुरं झालं आणि मी बघत राहिले. इतकी छान होते मी, चिंगे!

आणि मग एक मूर्खपणा केला, जो रिटच करणारीच करू शकते. माझ्या डाव्या गुडघ्यावर इस्त्रीचा डाग आहे. तू पाच वर्षांची असताना इस्त्री उचलायला गेलीस आणि माझ्या पायावर पाडलीस, तो. चित्रकार दिसेल ते काढणारा, त्याने डागही काढला. तो प्लेटवरून घालवणं माझं काम होतं. बावन्न पानांवरचा तीळन् तीळ मी घालवला आणि तो डाग ठेवला. बोटाच्या पेराएवढा तपकिरी. सगळं चित्र तुझं म्हणून ओळखलं जाणार, त्यात माझं म्हणून तेवढंच होतं. इतक्या बारीक छपाईत कुणाला दिसतंय, असं वाटलं.

बाबांनी पत्ता टेबलावर टाकला तेव्हा मी आधी गुडघा बघितला. मला झगा वर करून एवढंच म्हणायचं होतं, "बाबा, हे बघा." तीन शब्द. ते तोंडातून निघाले नाहीत. वाटलं, आठ दिवसांत बाबा शांत होतील, मग सांगू. तू आठ दिवस थांबलीच नाहीस.

बाकीचं उद्या.

ताई


७ मार्च

बाकीचं आईबद्दल आहे.

तू गेल्यावर आई जेवायला चार ताटं काढायची आणि मग एक परत मांडणीवर ठेवायची. रोज. बाबा गेल्यावर तीन काढायची, एक ठेवायची. मला वाटायचं, तिला काही ठाऊक नाही, तिला फक्त तुझी आठवण येते.

तू गेलीस त्याच आठवड्यात तिने माझे सगळे झगे बाहेर काढले, खालची दुमड उसवली आणि दोन-दोन बोटं लांब केले. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "उंची वाढलीय तुझी." बाविसाव्या वर्षी कुणाची उंची वाढते? मी हसण्यावारी नेलं.

आई जाऊन सात वर्षं झाली. तिचा शिवणाचा डबा आवरताना रिळांच्या खाली एक पत्ता निघाला. बाबांनी आणला होता तोच, कोपऱ्यावर त्यांच्या बोटाचा तेलकट डाग असलेला. तुझा चेहरा जसाच्या तसा. गुडघ्यावर मात्र शाईचा ठिपका. टाकाने, नीट, गोल, डाग पुरता झाकेल इतका.

बाबा दारात ओरडत होते, तू ट्रंक भरत होतीस, आणि आई आतल्या खोलीत बसून टाक शाईत बुडवत असणार. बाबांनी पत्ता पुन्हा मागितलाच तर त्यांना दिसू नये म्हणून. तिने आपल्या दोघींना न्हाऊ घातलं होतं, गं. एका नजरेत तिला कळलं. आणि तिने एकीला ठेवलं. मलाच का, हे मी सात वर्षं त्या डब्याला विचारतेय. मी पगार आणत होते म्हणून? तू कुठेही तरशील आणि मी नाही, असं तिला वाटलं म्हणून? तिच्या शेजारी मी तेहेतीस वर्षं जेवले. दोघीही जाणून होतो आणि दोघींनीही अवाक्षर काढलं नाही.

घरात तिचा वावर अजून आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण मांडणीवर ताट ठेवल्याचा आवाज मी ओळखते. परवा मी एकटी जेवायला बसले आणि बघते तर दोन ताटं काढलेली. काढली मीच असणार. दुसरं कोण आहे?

तर मी ठरवलंय. २८ तारखेला दाढीवाला आला की मी त्याला सांगणार, ही मुलगी मी आहे. चेहरा फोटोवरून घेतलेला, बहिणीला न विचारता. पुरावा म्हणून गुडघा दाखवणार. या वयात परक्या पुरुषासमोर झगा वर करायचा म्हणजे चेष्टा आहे, पण करीन. तुझं नाव त्या चित्राखालून काढून घेईन. तुला हे काहीच माहीत नव्हतं. आता माहीत झालं. यातून तुझं घर परत मिळणार नाही, हे मला कळतं. पण नाव तरी परत मिळेल.

माफ कर असं लिहायची माझी लायकी नाही. तरी लिहिते. माफ कर.

ताई


२० मार्च

पत्रं मिळाली. चारही वाचली.

मला काही माहीत नव्हतं, असं तू लिहितेस. इस्त्री माझ्या हातून पडली होती. तुझी कातडी सोललेली मी बघितली होती, महिनाभर मला झोप लागली नव्हती. तो डाग मी ओळखणार नाही, असं तुला वाटलं? मी हसायची थांबले ती त्याचमुळे. मी तुझ्याकडे बघितलं ते सावरून घे म्हणून नाही. मी तुला वेळ देत होते.

संध्याकाळपर्यंत दिला. ट्रंक मी मुद्दाम सावकाश भरली. एकेक कपडा दोनदा घडी केला. स्टँडवर पहिली गाडी सोडली. तू धावत येशील असं वाटत होतं. दुसऱ्या गाडीत बसले.

मी का नाही सांगितलं, असं आता तुझ्या मनात येईल. ते माझं सांगण्याचं नव्हतं. तुझं होतं.

आता नीट ऐक. इथे आले तेव्हा माझ्याकडे दोन झगे आणि एक चौकटची सत्ती होती. स्टँडबाहेरच्या टपरीवर कॅट विकत घेतला होता मी. ज्या गोष्टीसाठी घर गेलं ती निदान जवळ असावी म्हणून. एका फोटोवाल्याच्या दुकानात गेले, पत्ता समोर ठेवला आणि म्हटलं, ही मी आहे, काम द्या. त्याने दिलं. साबणाच्या जाहिराती केल्या, कॅलेंडरं केली, पुढे स्वतःचा स्टुडिओ टाकला. नवरा तिथेच भेटला. माझ्या स्टुडिओत दर्शनी भिंतीवर ती सत्ती आहे. नाती सगळ्यांना सांगतात, ही आमची आजी. चाळीस वर्षं मी म्हणत आलेय की ती मी आहे, आणि आता ती मीच आहे. जे मी केलं नाही त्याची किंमत मी मोजली, म्हणून ते माझं.

आणि तू गुडघा दाखवून ते काढून घेणार? तुला हलकं वाटावं म्हणून?

नाव तसंच राहू दे. तुला गप्प राहता येतं, हे मला माहीत आहे.

आईच्या ठिपक्याचं मला ठाऊक नव्हतं. ते नसतंस लिहिलं तर बरं झालं असतं.

(सही करत नाही. अक्षर कुणाचं आहे ते तुला कळेल.)


२८ मार्च

चिंगे,

तो आज आला होता. अकरा वाजता, सांगितल्या वेळेला. या खेपेला शर्टाच्या बाह्या आधीच वर केलेल्या होत्या.

मी सकाळपासून लांब झगा घालून बसले होते. मोजेही घातले होते. त्याने भिंग काढलं आणि सत्ती नीट बघायला लागला. मध्येच थबकला. "गुडघ्यावर हा डाग कसला?" मी म्हटलं, छपाईत राहिलेला. "रिटच कोण करायचं?" मी म्हटलं, मीच. "मग राहिला कसा?" म्हटलं, राहून गेला, लक्ष नव्हतं. त्याने मान डोलावली आणि पुढे सरकला. इतकं सोपं होतं ते. चाळीस वर्षांपूर्वी खरं बोलणं एवढंच सोपं असतं का, असं मला उगाच वाटून गेलं.

मग त्याने कागद पुढे केला. चित्रातली व्यक्ती कोण, ही माहिती देणारं कोण, माहिती देणाऱ्याचं त्या व्यक्तीशी नातं काय. तुझं नाव मी स्वतःच्या हाताने लिहिलं, काना-मात्रा तपासून. खाली माझं. नात्याच्या रकान्यात 'थोरली बहीण' लिहिलं, आणि दाढीवाल्याचं पेन हातातून पडलं.

"तुम्ही बहीण? आणि आधी बोलला नाहीत?"

मी त्याचं पेन उचलून दिलं. तो घाईघाईने वही उघडून बसला. त्याला खजिना सापडल्यासारखं झालं होतं. एकामागून एक प्रश्न विचारत सुटला. तू कशी होतीस, हसायचीस कशी, बाबा काय काम करायचे. मी सांगत गेले. तू फोटोवाल्याला कसं रडकुंडीला आणलंस ते सांगितलं तेव्हा तोही हसला. स्टुडिओचं सांगितलं, नातींचं सांगितलं. तुझ्याबद्दल एवढं मोठ्याने मी कुणाशीच बोलले नव्हते. आवाज बसला माझा.

मग त्याने विचारलं, "वडिलांनी त्यांना घराबाहेर काढलं, तेव्हा तुम्ही घरात होतात?"

मी म्हटलं, "होते."

"तुम्हाला काय वाटत होतं? त्या खरंच चित्रासाठी समोर बसल्या असतील असं?"

आता इथे, चिंगे, मला तुझ्या पत्रातलं म्हणणं पाळायचं होतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "मला जे माहीत होतं ते मी बाबांना सांगितलं असतं, तर ती त्या दिवशी घरातून गेली नसती. काय माहीत होतं ते विचारू नका."

त्याने नाही विचारलं. माणूस बरा आहे. वहीत बघत अगदी हळू म्हणाला, "म्हणजे तुम्ही गप्प राहिलात?"

"हो."

"हे लिहू?"

मी म्हटलं, लिहा. माझ्या पूर्ण नावानिशी लिहा. बाबांच्या नावासकट.

त्याने लिहून मला वाचून दाखवलं. पुस्तकात ते तुझ्या नावाच्या खालीच येईल. मी सही केली.

ताई